आठ जणांची समिती

त्यांना आजीव अध्यक्ष आम्हीच केलं, हे आधीच सांगून टाकते. उद्या कुणी तोंड वर करून म्हणायला नको की आमच्यावर लादलं. संस्थेचा वर्धापनदिन होता. मांडव गच्च भरलेला, फेटा बांधून झालेला, हातात तलवार दिलेली. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "साहेबाले आजीव अध्यक्ष करा!" मग काय, टाळ्याच टाळ्या. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सतरा लोकांनी तसा रीतसर ठराव केला. त्या सतरांत मी होते. हात वर करताना माझ्या डोक्यात एवढंच होतं, की हे लवकर आटोपलं तर पाचची गाडी सापडेल.

मी राहते अमरावतीला आणि शिकवते अकोल्याच्या एका कॉलेजात, इतिहास. तेवीस वर्षं झाली अप-डाऊनला. आमच्या संस्थेच्या शाखा भातकुली, नांदगाव खंडेश्वर अशा तालुक्याच्या गावांत पसरलेल्या. संस्थापक सरळ माणूस होता. शिक्षकांनी, कर्मचाऱ्यांनी आणि पालकांनी निवडून दिलेल्या सतरा जणांचं एक मंडळ असेल, आणि त्या मंडळाने हो म्हटल्याशिवाय कुणाला नोकरीवरून काढता येणार नाही, संस्थेची इमारत कुणाला देता येणार नाही, असं त्यांनी संस्थेच्या घटनेतच लिहून ठेवलं होतं. ते गेले आणि मुलगा अध्यक्ष झाला. तोच हा फेटा-तलवारवाला. स्टाफरूममध्ये आम्ही त्याला बादशहा म्हणायचो. तोंडावर अर्थात 'साहेब, साहेब'.

मंडळात माझ्या शेजारची खुर्ची आमच्या ग्रंथपाल बाईंची. ती मूळची भातकुलीची, आता अमरावतीलाच राहते, त्यामुळे बडनेऱ्याच्या फलाटापासून अकोल्यापर्यंत रोज आम्ही दोघी सोबत. तिचे वडील मास्तर होते. त्यांच्या घराण्यात शाळेची पायरी पहिल्यांदा चढलेला माणूस. पुस्तकावर पाय पडला तर लेकीला त्या पुस्तकाचं पहिलं पान मोठ्याने वाचून दाखवायला लावायचे, मग जेवण. मी शेतकऱ्याच्या घरची, नांदगावकडची. आमच्या घरी पुस्तक म्हणजे पंचांग. लग्नानंतर वाचनाची जी काही सवय लागली ती मला हिने लावली, आणि ती लावताना यथेच्छ शिव्याही घातल्या. "बाई इतिहासाची अन् वाचते काय, तर नोट्स!" असं ती सगळ्या डब्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची.

भांडण लागलं ते ग्रंथालयावरून. ग्रंथालयाची इमारत आणि मागचं मैदान अध्यक्षांना लग्नाच्या लॉनसाठी द्यायचं होतं. पुस्तकं कुठे जाणार? तर जिमखान्याच्या खोलीत, जिथे पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत ओल चढते. मंडळापुढे विषय आला तेव्हा ग्रंथपाल उभी राहिली. भाषण वगैरे काही नाही. म्हणाली, "साहेब, तुमच्या वडिलांनी या इमारतीची पहिली वीट ठेवली तेव्हा माहे वडील तिथं हजर होते. नवरदेवाच्या घोड्यासाठी ठेवली नव्हती ते." सगळे हसले. मतदान झालं. सहा एकीकडे, अकरा दुसरीकडे. प्रस्ताव पडला. बादशहाही हसत होता, पण त्याचा कान लाल झालेला मी पाहिला.

पंधरा दिवसांत तिच्यावर निलंबनाचं पत्र. आरोप काय, तर दुर्मिळ पुस्तकं तिने परस्पर रद्दीत विकली. खरं म्हणजे ते वाळवी लागलेले गठ्ठे होते. त्यांची यादी करून, मंडळाची मंजुरी घेऊन ते काढले होते. आम्हीच मंजुरी दिली होती. पण ती नोंद असलेलं प्रोसिडिंग बुक अध्यक्षांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या खिशात. मास्तरच्या लेकीला पुस्तकचोर ठरवलं. मला इतका संताप आला होता की मी प्राचार्यांच्या दारातच ओरडले. ती मात्र शांत होती. म्हणाली, "निलंबन करू दे. काढू नाई शकत तो. काढाले मंडळ लागते, अन् मंडळात आपले अकरा हात हायेत."

पुढच्या सोमवारी मंडळच बरखास्त झालं.

मुख्य फाटकाजवळच्या फलकावर चार ओळींची सूचना. मंडळ संस्थेच्या प्रगतीत अडथळा आणत असल्याने बरखास्त करण्यात येत आहे. सभागृहाला कुलूप, कुलपापाशी वॉचमन. बिचारा आमचाच वॉचमन, रोज नमस्कार घालणारा. त्या दिवशी तो नजर चुकवत म्हणाला, "मॅडम, मले ऑर्डर हाय." तीन दिवसांनी दुसरी सूचना लागली. संस्थेची नवी घटना तयार करण्यासाठी आठ जणांची 'घटना समिती' नेमण्यात येत आहे आणि ती तयार होईपर्यंत मंडळाचे सर्व अधिकार या समितीकडे राहतील. खाली आठ नावं. आठही बरखास्त मंडळातूनच उचललेली. माझं नाव तिसरं.

आता हसू नका, पण हे सगळं मी वर्गात शिकवलेलं आहे. मेक्सिको. स्पेनपासून सुटल्यावर तिथे एक सेनापती असाच रस्त्यावरच्या घोषणांवर सम्राट झाला. लोकांनी निवडलेल्या सभेने घाबरून दुसऱ्या दिवशी त्याला मंजुरी दिली. मग त्याचं आणि सभेचं वाजलं. त्याने काहींना तुरुंगात टाकलं, शेवटी सभाच बरखास्त केली आणि तिच्यातूनच आपल्या पसंतीचे लोक निवडून एक छोटी सभा बसवली. ती जेमतेम चार महिने टिकली. पाच मार्कांचा प्रश्न. मी तो दरवर्षी दहा मिनिटांत उरकते, कारण पोरांना त्यात रस नसतो आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता. त्या छोट्या सभेत बसलेल्या माणसांविषयी मी एकच शब्द सांगायचे, 'होयबा'. फळ्यावर लिहायचे सुद्धा.

त्या संध्याकाळी गाडीत मी ग्रंथपालला सांगितलं की मी समितीत जाणार. निलंबित असली तरी तिला रोज कॉलेजात हजेरी द्यायला यावं लागत होतं, त्यामुळे आमची सोबत सुटली नव्हती.

"काहून?" तिने विचारलं.

"कारण तुझा विषय आता त्या आठ जणांसमोर येईल. मी आत असले तर येऊ देणार नाही. आला तर विरोध नोंदवीन. मी नाही गेले तर माझ्या जागी दुसरा कोणीतरी बसेल आणि मान हलवेल."

मूर्तिजापूर आलं, गेलं. मग ती म्हणाली, "तुले आत बसवून राहिला तो, म्हणजे त्याले तुहा उपयोग हाय. तो उपयोग काय, ते तुले समजलं काय?"

"मी काय कुकुलं बाळ आहे का?"

"मंग जाय. पण एक ध्यानात ठेव. माही नोकरी आता तुह्या हातात हाय. दुसऱ्या कोणाच्या नाई."

हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं. मला थोडा अभिमानच वाटला. आज तो आठवला की अंगावर काटा येतो.

पहिली सभा अध्यक्षांच्या दालनात झाली. नवे सोफे, समोसे, काजू घातलेला चिवडा. आम्ही आठ जण आत शिरत होतो आणि दाराशीच कार्यालयाचा बाबू प्रोसिडिंग बुक उघडून उभा होता. आमच्याकडची ही जुनी रीत आहे, आणि आमच्याकडचीच कशाला, गावोगावच्या सोसायट्यांत, पतपेढ्यांत हेच चालतं. सभेला आलं की आधी हजेरीची सही. सही पानाच्या तळाला करायची. वरचं अख्खं पान कोरं सोडलेलं असतं, त्यावर सभेत काय झालं ते बाबू दोन-चार दिवसांनी सवडीने लिहितो. तेवीस वर्षांत मी अशा किती कोऱ्या पानांखाली सह्या केल्या असतील! एका हातात समोशाची बशी, दुसऱ्या हातात बाबूने पुढे केलेला पेन. मी सही केली. माझ्यामागे आमचा प्रयोगशाळा परिचर होता, अठरा वर्षं रोजंदारीवर असलेला, शिपाई-परिचरांचा प्रतिनिधी म्हणून निवडून आलेला. त्यानेही केली.

सभेत काही म्हणजे काही झालं नाही. अध्यक्ष तासभर शिस्तीवर बोलले. नव्या घटनेचं पहिलं कलम काय असावं यावर एका पालक प्रतिनिधीने लांबण लावली. ग्रंथपालचा 'ग' सुद्धा कुणी काढला नाही. मी पूर्ण वेळ सावध बसले होते, विरोधाची वाक्यं मनात जुळवून ठेवलेली. विषय आलाच नाही. बाहेर पडताना मला इतकं हलकं वाटलं की मी गाडीत तिला म्हणाले, "पाहिलं? हिंमत नाही झाली त्याची. मी समोर बसले होते ना."

आठव्या दिवशी बडनेऱ्याच्या फलाटावर तिने माझ्यापुढे एक पत्र धरलं. बडतर्फीचं पत्र होतं. घटना समितीच्या सभेत, मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी आलेल्या विषयात, ठराव क्रमांक चार: ग्रंथपाल यांनी संस्थेच्या पुस्तकांचा अपहार केल्याचे सिद्ध होत असल्याने त्यांना सेवेतून बडतर्फ करण्यात यावे. ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक, तो लांबण लावणारा पालक प्रतिनिधी. आणि अनुमोदक म्हणून माझं नाव. पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

मी म्हणाले, "अगं, असा ठराव झालाच नाही. शपथेवर सांगते. विषयच नव्हता."

"मंग सही?"

"हजेरीची आहे गं ती. आत जाताना केलेली. पान कोरं होतं."

गाडी आली, दारं उघडली, लोक चढले. ती चढली नाही. तिला आता हजेरी द्यायची गरज नव्हती. ती म्हणाली, "कोरं होतं हे तू मले काहून सांगते? मले माहीत हाय. त्याले सांग. लिहून दे." आणि ती जिना चढून निघून गेली. मी गाडीत बसले. हो, बसले. दहा वाजता माझा तास होता.

मी अध्यक्षांकडे गेले, हे खोटं नाही. त्याच दिवशी गेले. म्हणाले, "साहेब, मी अनुमोदन दिलेलं नाही. दुरुस्ती करा." त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. आवाज मधाळ.

"मॅडम, सही तुमचीच हाय ना?"

"सही माझी आहे, पण..."

"मंग तुमी लिहून द्या, की मी कोऱ्या पानावर सही केली. द्या ना, मी कुठं नाही म्हणून राहिलो? फक्त एक सांगा, कोऱ्या पानावर सह्या करणारी बाई पोरांले काय शिकवते, असं उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू? तेवीस वर्षांत असे किती पानं असतील? सगळे काढावे लागतील. चौकशीच लावावी लागेल, तुमच्यावरही. तुमाले प्राचार्य व्हायचं हाय असं मी आयकलं होतं."

मी पाणी प्यायले आणि बाहेर आले. एवढं साधं. कुणी मला धमकावलं नाही, मारलं नाही, तुरुंगात टाकलं नाही. मी पाणी प्यायले आणि बाहेर आले.

दुसऱ्या सभेला मी ठरवून गेले होते की उभं राहायचं. सभेचा पहिला विषय नेहमी ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. म्हणजे मागच्या वेळी जे लिहिलं ते वाचायचं, सगळ्यांनी 'बरोबर आहे' म्हणायचं आणि ते पक्कं करायचं. प्रत्यक्षात कुणी वाचत नाही. अध्यक्ष म्हणतात, "मागचं वाचलं असं समजू, कायम?" आणि सगळे म्हणतात, "कायम, कायम." मला माहीत होतं की बोलायची जागा हीच. दोन सेकंदांची जागा. अध्यक्ष माझ्याकडेच बघत म्हणाले, "कायम?" परिचर खाली मान घालून बसला होता. बाकीच्यांनी 'कायम' म्हटलं. मी म्हटलं नाही. पण 'नाही' सुद्धा म्हटलं नाही. मूग गिळून बसले. आणि मी 'कायम' म्हटलं नाही एवढ्याचंच समाधान मी घरापर्यंत पोचवलं, इतकी मी कोडगी झाले होते.

त्याच आठवड्यात मेक्सिकोचा तास आला. पोरांना सांगितलं, सम्राटाने बरखास्त सभेतलेच लोक निवडून नवी सभा बसवली. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "मॅडम, ज्यायची सभा मोडली तेच लोक जाऊन बसले? त्यायले लाज नाई वाटली?" वर्ग हसला. दरवर्षीचा 'होयबा' शब्द माझ्या हातून फळ्यावर उतरेना. मी म्हणाले, "काहींना वाटलं असेल की आत राहून काही वाचवता येईल." ती म्हणाली, "मंग वाचलं काय काही?" मी तिला दटावलं की प्रश्न शेवटी विचारायचे. तास संपला तेव्हा मी रजिस्टर विसरून बाहेर आले.

ग्रंथपालने विद्यापीठाकडे दाद मागितली होती. तारखा लांबत होत्या. तिने मला फोन केला नाही, मी केला तर उचलायची, 'ठीक हाय' म्हणायची आणि ठेवायची. गाडीत मी एकटी. डब्यातल्या बाया विचारायच्या, "तुमच्या जोडीदारीण दिसत नाहीत?" मी म्हणायचे, बरं नाही तिला.

समिती पडली ती आमच्यामुळे नाही. आम्ही आठ जण तर आयुष्यभर समोसे खात बसलो असतो. शाखांच्या मुख्याध्यापकांनी पत्रं लिहिली की आम्ही ही समिती मानत नाही, तिने काढलेलं एकही परिपत्रक पाळणार नाही. आधी भातकुली, मग नांदगाव, मग एकेक करून बाकीच्या. अध्यक्षांच्या वकिलाने त्यांना सांगितलं की समितीला कायद्याचा आधार नाही, हे प्रकरण अंगाशी येईल. चौथ्या महिन्यात फलकावर तिसरी सूचना लागली: समिती विसर्जित, जुनं मंडळ पुन्हा बोलावलं आहे. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. मी अजेंडा हातात घेतला आणि पहिलाच विषय वाचला. 'घटना समितीच्या सर्व सभांचे इतिवृत्त व ठराव कायम करणे.'

म्हणजे डाव असा होता. समितीचा ठराव विद्यापीठात टिकला नसता. पण खुद्द निवडून आलेल्या मंडळानेच तो कायम केला की संपलं. ग्रंथपाल रीतसर, कायदेशीर, सर्वानुमते चोर ठरणार. आणि सगळे जुनी खुर्ची मिळाल्याच्या आनंदात दारात सही करून आत येणार, अध्यक्ष म्हणणार 'कायम?', आणि सगळे म्हणणार 'कायम'. कारण आम्ही कधीच दुसरं काही म्हटलेलं नाही.

सभेच्या दिवशी ती आली होती. मंडळाची सदस्य असूनही बडतर्फ म्हणून तिला आत प्रवेश नव्हता. सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. खिडक्या उघड्या होत्या. मी जवळून गेले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

बाबू दारात पेन घेऊन उभा. मी म्हणाले, "सभा संपल्यावर करीन." तो गडबडला, "मॅडम, कोरम..." मी आत जाऊन बसले. पंधरा जण आणि अध्यक्ष; एक जण आलाच नव्हता. एकमेकांना हात मिळवणं चाललं होतं, कुणीतरी म्हणालं, "चला, झालं गेलं विसरून जाऊ." अध्यक्षांनी घसा साफ केला.

"विषय पहिला. समितीचं कामकाज तुमच्यातल्याच मान्यवरांनी केलं हाय, तवा वाचलं असं समजू. कायम?"

"काय..." एवढं कुणीतरी म्हणालंही.

"कायम नाही," मी म्हणाले. आवाज माझा नव्हताच, कुठून तरी चिरकत निघालेला. "वाचा. ठराव क्रमांक चार वाचा."

"मॅडम, त्याचे अनुमोदक तुमीच हाय." अध्यक्ष अजून हसत होते.

मी उभी राहिले. टेबलाला धरून. "मी अनुमोदन दिलं नाही. त्या सभेत हा विषय निघालाच नाही. मी आत जाताना कोऱ्या पानाखाली सही केली, समोशाची बशी हातात धरून. ही माझी चूक आहे, माझ्यावर चौकशी लावा, लावायचीच असेल तर. ते पान नंतर भरलं गेलं. वाळवीच्या पुस्तकांची यादी याच मंडळाने मंजूर केलेली आहे, तुम्ही सगळे होता, तुम्हाला आठवतं. तुम्हाला सगळ्यांना आठवतं!" शेवटचं मी ओरडले. आणि रडले. मला सभेत रडणाऱ्या बायांचा राग येतो, पण रडले.

मग मागून परिचर उठला. "मॅडम खरं सांगून राहिल्या. पान कोरं होतं. मी बी सही केली." तो बसला. रोजंदारीवरचा माणूस. त्याला काढायला ठराव लागत नाही, उद्यापासून येऊ नको एवढं तोंडी म्हटलं की पुरे.

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. कायमच्या बाजूने सहा. विरोधात नऊ. ते तीन वेळा मोजले गेले. नऊच.

सभा संपायची वाट न बघता मी बाहेर धावले. खिडकीतून तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं होतं ती उठेल, माझा हात धरेल, निदान चार शिव्या तरी घालेल. मी तिच्याजवळ बसले. नाक पुसत म्हणाले, "चुकलंच माझं. पण वाचलं ना गं. नोकरी वाचली."

"हाव," ती म्हणाली. मग पर्स उघडून तिने एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "हे आत पाठवाले आणलं होतं. तू बोलली नसती तर."

कागदावर तीन ओळी होत्या, वेड्यावाकड्या अक्षरात. ठराव क्रमांक चार सभेत झाला नाही, सही घेतली तेव्हा पान कोरं होतं, कुठेही येऊन सांगायला मी तयार आहे. खाली परिचराची सही.

"हे तुझ्याजवळ होतं? मग विद्यापीठात का नाही दिलंस? चार महिने?"

"त्याचे दोन लेकरं हायेत. दुसऱ्या दिवशी हाकललं असतं त्याले. तो तर घरी येऊन देऊन गेला, म्हणे द्या, मीच नाई दिलं. मले वाटलं, तू बोलशील. तुही नोकरी पक्की. तुले कायचं भेव?" ती उठली, पदर सारखा केला. "आज नाइलाज होता म्हणून आणलं. ते बी त्याले विचारून विचारून आणलं, बाप्पा."

ती ग्रंथालयाकडे निघाली. मी तो कागद पुन्हा उघडला. वरच्या कोपऱ्यात तारीख घातलेली होती. तिने मला बडनेऱ्याच्या फलाटावर पत्र दाखवलं, त्याच दिवसाची.